जुन्या विटा, कौले आणि सळया : परसात पक्की शेकोटी बांधण्याची रीत

जुने घर उतरवले की विटांचा, कौलांचा आणि लोखंडी तुकड्यांचा ढीग परसाच्या कडेला वर्षानुवर्षे पडून राहतो. त्या ढिगातून सात-आठ जणांना भोवती बसता येईल अशी पक्की शेकोटी बांधता येते, आणि तिच्यासाठी नवीन असे जवळजवळ काहीच विकत आणावे लागत नाही. बांधणी अवघड नाही. गवंडीकामाची थोडी सवय असलेल्या दोन माणसांना ती सहज जमते. अवघड आहे ती सामानाची निवड. ढिगातील वस्तू पूर्वी कुठे वापरली होती, तिच्यावर कसला लेप आहे, तिच्या पोटात पाणी मुरले आहे का, हे सांगणारे कोणी नसते. ते आपल्यालाच ओळखावे लागते. म्हणून या लेखातील बराच भाग निवडीवर खर्च केला आहे.

येथे वर्णन केलेली शेकोटी गोल आहे, आतून ९० सेंटीमीटर व्यासाची, विटांचे चार थर असलेली आणि सिमेंटऐवजी मातीच्या चिखलात बांधलेली. मोजमापे देशावरच्या परसाला धरून दिली आहेत. कोकणात जे वेगळे करावे लागते ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे. इमारतीच्या गच्चीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर ही शेकोटी बांधू नये, कारण खालचे काँक्रीटच तडकते.

ढिगातून काय घ्यावे

निवडीचा एकच मोठा नियम आहे: जी वस्तू तयार होतानाच भट्टीतून गेली आहे, ती शेकोटीत टिकते. भाजलेली वीट, कौल आणि साधे लोखंड या नियमात बसतात. सिमेंटचे काहीही, पाणी धरून ठेवणारा दगड आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा त्यात बसत नाहीत.

विटांमध्येही निवड करावी लागते. चांगली भाजलेली वीट एकसारखी तांबडी असते, दुसऱ्या विटेवर हलके आपटल्यास खणखणीत वाजते आणि साधारण मीटरभर उंचीवरून मऊ जमिनीवर सोडल्यास फुटत नाही. फिकट पिवळसर आणि बद्द आवाजाची वीट कच्ची राहिलेली असते. ती शेकोटीच्या पहिल्या हंगामातच पापुद्रे सोडते. खंगर वीट, म्हणजे भट्टीत जास्त भाजून काळपट निळी आणि वाकडी झालेली, बांधकामात टाकाऊ मानतात, पण तिला आगीचे भय नाही. थर नीट बसत नाहीत एवढ्याच कारणाने ती भिंतीत न घेता पायात वापरावी. जुन्या भिंतीच्या अगदी खालच्या थरांतील विटांवर पुष्कळदा पांढरा क्षार फुटलेला असतो. त्या नखाने खरवडल्यावर भुकटी होत असतील तर बाजूला टाकाव्यात. शंका असल्यास एक वीट कोरडी असताना तोलून २४ तास पाण्यात बुडवून ठेवावी आणि पुन्हा तोलावी. साध्या विटेने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, असे भारतीय मानक सांगते.

चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या भिंतीच्या विटा सर्वांत सोयीच्या, कारण जुना चुना छिन्नीच्या हलक्या ठोक्याने सुटतो. सिमेंटात बसवलेली वीट साफ करताना सिमेंट सुटण्याआधी वीटच फुटते, म्हणून त्या ढिगावर वेळ घालवू नये. साफ करताना नाकातोंडाला घट्ट फडके किंवा मास्क आणि डोळ्यांना चष्मा असावा. चुन्याची धूळ डोळ्यांत गेल्यास फार झोंबते. जुन्या पारंपरिक मापाची वीट साधारण २३ सेंटीमीटर लांब, ११ सेंटीमीटर रुंद आणि ७.५ सेंटीमीटर जाड असते. पुढचा सर्व हिशेब याच मापाने केला आहे. आपल्या विटांचे माप वेगळे असल्यास पुन्हा आकडेमोड करावी.

फुटकी मंगळुरी कौले टाकू नयेत, त्यांचे तुकडे पायात आणि थरांमधील फटी भरायला उपयोगी पडतात. स्लॅबच्या कामातून उरलेल्या १२ मिलिमीटर जाडीच्या सळया जाळीसाठी ठेवाव्यात. गंज चढलेला असला तरी चालेल, तो पहिल्या दोन-तीन जाळांत आणि तारेच्या ब्रशने निघून जातो. समुद्रकाठच्या बांधकामांत हिरव्या रंगाचा लेप दिलेल्या सळया वापरतात. तो लेप इपॉक्सीचा असतो, आणि तापल्यावर त्याचा विषारी धूर होतो, म्हणून त्या मुळीच घेऊ नयेत. खिडकीचे जुने गज दिसायला चांगले असतात, परंतु त्यांच्यावर थरांवर थर रंग चढलेला असतो आणि जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते. असा रंग आगीत जाळणे आणि कोरडा खरवडणे, दोन्ही घातक आहे.

ढिगात काय सोडून द्यावे

चुकीच्या सामानामुळे शेकोटीचे अपघात होतात, म्हणून हा भाग घाईने वाचू नये.

नदीतले गोल गुळगुळीत गोटे शेकोटीभोवती फार शोभून दिसतात, आणि धोक्याचे तेच आहेत. वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेल्या दगडाच्या बारीक भेगांत पाणी असते; दगड झपाट्याने तापला की त्या पाण्याची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही आणि दगडाच्या कपच्या उडतात. आपल्याकडच्या काळ्या दगडाबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दख्खनच्या बेसाल्टमध्ये अनेक ठिकाणी बुडबुड्यांसारख्या पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे किंवा फिकट हिरवे स्फटिक भरलेले दिसतात. हे स्फटिक प्रामुख्याने झिओलाइट गटातील खनिजांचे असतात, त्यांच्या घडणीतच पाणी असते आणि तापवल्यावर ते पाणी बाहेर पडते. वरून कोरडा ठणठणीत वाटणारा असा दगडही जाळाजवळ फुटू शकतो. पोकळ्या नसलेला, घट्ट आणि अनेक उन्हाळे उघड्यावर पडलेला काळा दगड बाहेरच्या कडेला चालेल. ज्वाळेच्या तोंडाशी कोणताही दगड न लावलेला बरा. कोकणातला जांभाही भरपूर पाणी धरतो. त्याचे चिरे बसण्यासाठी वापरावेत, आतल्या वर्तुळात वापरू नयेत. शहाबादी आणि कडप्पा या फरश्या चुनखडकाच्या असतात आणि आगीने तडकतात. त्यांची जागाही बैठकीत.

सिमेंटचे ब्लॉक, पेव्हर, राखेच्या विटा आणि हलके पांढरे ब्लॉक यांचा आकार इतका नेटका असतो की मोह होतो. परंतु ही सामग्री भाजून नव्हे, तर सिमेंट-चुन्याच्या बंधनाने घट्ट झालेली असते. सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या पुढे काँक्रीटची ताकद वेगाने ढासळू लागते, आणि लाकडाचे निखारे त्याहून कितीतरी जास्त तापतात. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे मात्र केवळ निरुपयोगी नाहीत, ते भयंकर आहेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असते, आगीत ते मोठ्या आवाजाने फुटतात आणि फोडताना उडणारे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. ते हलवायचे असतील तर ओले करून, न फोडता हलवावेत.

जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे, बादल्या, पाण्याचे नळ आणि कुंपणाची जाळी आगीत घालू नये. जस्त ४२० अंशांना वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. त्याचा पांढरा धूर छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग दुखते. वेल्डिंग करणाऱ्यांना हा त्रास चांगला परिचयाचा आहे.

दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपाची शेकोटी अनेक जण करतात. पिंपात कीटकनाशक, रंगाचे द्रावक किंवा वंगण होते का, हे खात्रीने कळल्याशिवाय त्याला हात लावू नये. आत उरलेली वाफ कापताना पेट घेऊन पिंप फुटते, आणि ‘रिकामे’ पिंप भरलेल्याहून अधिक धोक्याचे असते. गॅसचा जुना सिलिंडर कापण्याचा विचारही करू नये. माझ्या मते विटा उपलब्ध असताना पिंपाच्या वाटेला जाण्याचे काहीच कारण नाही.

ज्यांच्याकडे जागा थोडी आणि विटा कमी आहेत, त्यांना बिघडलेल्या वॉशिंग मशीनचा आतला पोलादी ड्रम उपयोगी पडतो. त्याला सर्व बाजूंनी भोके असल्यामुळे हवा छान खेळते. वरून कपडे घालायच्या मशीनच्या ड्रमला कडेने प्लॅस्टिकचे कडे असते, त्यात खारे पाणी भरलेले असते. ते पूर्ण काढावे. समोरून उघडणाऱ्या मशीनच्या ड्रमला मागे ॲल्युमिनियमची तीन पायांची बैठक असते, तीही काढावी, कारण जाळात ती वितळू शकते. ड्रम तीन पक्क्या विटांवर ठेवला की चार माणसांपुरती शेकोटी झाली.

जागा

घर, गोठा किंवा झोपडीच्या कडेपासून किमान ३ ते ४ मीटर अंतर हवे. कडब्याची गंज, वाळलेले गवत किंवा पाचट असेल तर १५ मीटरही कमीच समजावे. वर झाडाची फांदी, विजेची तार किंवा मांडवाचे कापड नसावे. खाली शोषखड्डा, मैल्याची टाकी किंवा पाण्याचा प्लॅस्टिकचा नळ नाही ना, हे खणण्यापूर्वीच आठवून घ्यावे.

वाऱ्याची दिशा पुस्तकावरून ठरवू नये. हिवाळ्यातल्या तीन-चार संध्याकाळी, नेमक्या शेकोटीच्या वेळी, त्या जागी उदबत्ती लावून धूर कुठे वाहतो ते पाहावे. तो आपल्या खिडकीकडे जात असेल तर जागा बदलावी, आणि शेजाऱ्याच्या खिडकीकडे जात असेल तर अवश्य बदलावी. घरात दम्याचे माणूस किंवा तान्हे मूल असल्यास अंतर आणखी वाढवावे.

खोदाई आणि पाया

मध्यभागी खुंटी ठोकून दोरीने तीन वर्तुळे आखावीत: ४५ सेंटीमीटर त्रिज्येचे आतले, ६८ सेंटीमीटरचे विटांच्या बाहेरच्या कडेचे आणि ७५ सेंटीमीटरचे खोदाईचे. बाहेरच्या वर्तुळापर्यंतची सगळी माती ३० सेंटीमीटर खोल काढावी. जमीन काळी असेल तर खोली ४५ सेंटीमीटर करावी, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे बांधकाम हलवते. कोकणातल्या तांबड्या मातीत ३० सेंटीमीटर पुरतात.

खड्ड्यात खंगर विटांचे रोडे, कौलांचे तुकडे आणि मुरूम घालून, थोडे पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकावे. भर एकदम न टाकता दोन किंवा तीन थरांत टाकावी आणि प्रत्येक थर घट्ट करावा. ठोकलेल्या भरावाचा माथा जमिनीच्या साधारण १२ सेंटीमीटर खाली राहिला पाहिजे. त्यावर ३ सेंटीमीटर वाळू पसरून पाणसळीने सपाटी तपासावी. तळाला कोबा करू नये. पावसाचे पाणी खाली मुरून गेले पाहिजे, अन्यथा शेकोटीचे डबके होते.

चिखल

चुलीला जो चिखल चालतो तोच येथे चालतो. चिकण माती चाळून तिच्या दुप्पट ते तिप्पट बारीक वाळू, थोडा गव्हाचा भुसा किंवा भाताचे तूस आणि शेण घालून मळावे व रात्रभर मुरू द्यावे. वाळवीने सोडून दिलेल्या वारुळाची माती मिळाली तर उत्तम, ती मुळातच बारीक आणि चिकट असते. प्रमाण जमले का ते पाहण्यासाठी भाकरीएवढी चकती थापून सावलीत वाळवावी. भेगा पडल्या तर वाळू वाढवावी, बोटाने चुरा झाला तर माती वाढवावी.

सिमेंटचा माल वापरू नये, असे मी आग्रहाने सांगतो. तापल्यावर वीट प्रसरण पावते, थंड झाल्यावर आकसते. मातीची दरज, म्हणजे दोन विटांमधला सांधा, ही हालचाल सोसते, सिमेंटची दरज तडकते आणि सोबत विटेची कड घेऊन जाते. शिवाय मातीत बांधलेली वीट पुढे केव्हाही अखंड सुटते, आणि जुने सामान पुन्हा वापरणाऱ्याला ही गोष्ट महत्त्वाची वाटली पाहिजे.

बांधणी

विटा बांधण्यापूर्वी थोडा वेळ पाण्यात बुडवून काढाव्यात, म्हणजे त्या चिखलातले पाणी ओढून घेत नाहीत. प्रत्येक वीट आडवी, तिची आखूड बाजू मध्याकडे करून बसवायची आहे. आतला परीघ सुमारे २८३ सेंटीमीटर येतो. ११ सेंटीमीटरची वीट आणि सव्वा सेंटीमीटरची दरज धरली की एका थरात २३ विटा बसतात. आत दरज बारीक असली तरी बाहेरच्या बाजूला दोन विटांमध्ये सुमारे साडेसात सेंटीमीटरची पाचरीसारखी फट राहते. ती रोडे आणि कौलाचे तुकडे चिखलात दाबून भरावी. काही जण गोलाई जमावी म्हणून विटा तासतात; त्याची गरज नाही.

पहिला थर चिखलाशिवाय नुसता मांडून पाहावा, खुंटीची दोरी फिरवून प्रत्येक विटेचे अंतर तपासावे आणि मगच चिखलात बसवावा. हा थर जवळजवळ पूर्णपणे जमिनीत जातो. त्याच्या बाहेरची मोकळी जागा मुरूम भरून ठोकावी.

दुसरा थर हवेचा. यात २३ ऐवजी २२ विटा घ्याव्यात आणि वाचलेली जागा चार समोरासमोरच्या दरजांत वाटावी, म्हणजे चार ठिकाणी चार-साडेचार सेंटीमीटरच्या उघड्या फटी मिळतात. या फटी भरायच्या नाहीत. त्यांतून खालून हवा शिरते, जाळ स्वच्छ लागतो आणि धूर कमी होतो. विटांची बंदिस्त शेकोटी धुमसते ती बहुधा या फटी न ठेवल्यामुळेच. बाहेरच्या बाजूला फट रुंद होत असल्याने तिच्या माथ्यावर कौलाचा सपाट तुकडा टाकावा, म्हणजे वरच्या विटेला आधार राहतो.

तिसरा आणि चौथा थर पुन्हा २३ विटांचा. प्रत्येक थराची दरज खालच्या थराच्या दरजेवर येऊ देऊ नये आणि प्रत्येक थराला पाणसळ लावावी. अशा रीतीने भिंतीला ९१ अखंड विटा लागतात. फुटतूट धरून ११० जमवून ठेवाव्यात. आतल्या तळावर पाच-सहा सेंटीमीटर वाळू घालून अर्धुके, म्हणजे विटांचे अर्धे तुकडे, कोरडेच मांडावेत आणि फटींत वाळू सारावी.

जाळीसाठी १२० सेंटीमीटर लांबीच्या सहा-सात सळया वरच्या थरावर सुट्या ठेवल्या की पुरे. भाजायचे पदार्थ थेट सळयांवर न ठेवता तवा किंवा स्वच्छ लोखंडी जाळी मध्ये असावी. बैठकीची ओटी विटांच्या कडेपासून किमान एक मीटरवर असावी, आणि दोन बैठकींमध्ये उठून मागे सरण्यासाठी वाट असावी.

वाळवणे आणि पहिला जाळ

बांधकाम उन्हात भराभर वाळू देऊ नये. पहिले दोन-तीन दिवस वर गोणपाट टाकावे आणि एकूण दहा-बारा दिवस जाळ करू नये. त्यानंतर मूठभर काटक्यांचा अर्ध्या तासाचा जाळ, दुसऱ्या दिवशी थोडा मोठा, तिसऱ्या दिवशी नेहमीचा. विटांतून आणि दरजांतून या काळात वाफ निघते, म्हणून जवळ वाकून पाहू नये. बारीक भेगा पडतील; त्या पातळ चिखलाने लिंपाव्यात.

जळण

बाभळीचे वाळलेले लाकूड आच चांगली देते आणि निखारा टिकवते. आंब्याच्या वाळक्या फांद्याही चालतात. ओले लाकूड फक्त धूर देते. कण्हेर मात्र चुकूनही जाळू नये, तिचा धूरही विषारी असतो. शेर, थोर आणि बिब्बा यांच्या धुराने डोळे आणि कातडी चुरचुरते, आणि काजूच्या टरफलांच्या तेलाचाही तोच दोष आहे. प्लायवुड, रंगवलेल्या चौकटी, टायर आणि प्लॅस्टिक शेकोटीत घालणे म्हणजे कचरा जाळणे होय. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. दंड नसता तरी ज्या जाळाभोवती मुले बसतात त्यात या वस्तू घालू नयेत.

हुरड्यासाठी गोवऱ्यांचा विस्तव सर्वांत चांगला. गोवऱ्या पेटून धूर सरला आणि वर राख धरली की गूळभेंडी किंवा सुरती ज्वारीची चिकातली कणसे त्या आरात खुपसावीत. ज्वाळेवर धरल्यास दाणे वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. रायगडकडची पोपटी लावायची असेल तर भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरलेले मडके तळाच्या मध्यभागी उपडे ठेवून भोवती जाळ करण्याइतकी जागा या व्यासात मिळते. त्या वेळी सळया काढून ठेवाव्यात.

पेटवताना आणि विझवताना

रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेल ओतून पेटवू नये. पाण्याच्या दोन बादल्या आणि एक घमेले वाळू हाताशी असावे. पदर, ओढणी आणि शाल नीट खोचावी; नायलॉनचे कपडे घालून जवळ बसू नये. भाजल्यास तो भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये आणि फोड मोठा असल्यास दवाखाना गाठावा. आग हाताबाहेर जात असेल तर १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे.

विझवताना तापलेल्या विटांवर बादली रिकामी करू नये. विटा तडकतात आणि वाफेने हात भाजतो. निखारे पसरून, वाळू टाकून निवू द्यावेत, मग पाणी शिंपडून काठीने ढवळावे. राखेखाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो, आणि थंडीत कुत्री-मांजरे ऊब शोधत त्याच राखेत येऊन निजतात. म्हणून झोपण्यापूर्वी राख पूर्ण विझली आहे याची खात्री करावीच. उरलेला विस्तव शेगडीत घालून बंद खोलीत नेऊ नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपेत माणसे दगावतात.

राख साठली की काढावी, कारण ती हवेच्या फटी बुजवते. निव्वळ लाकडाची राख भाजीच्या वाफ्याला उपयोगी आहे. पण देशावरच्या काळ्या जमिनी बहुधा आधीच अल्कधर्मी असतात, तेथे ती चिमटीनेच द्यावी. कोकणातल्या आम्ल जमिनीत हात थोडा सैल सोडला तरी चालतो.

पावसाळ्यापूर्वी

मातीच्या दरजांचा शत्रू एकच, पाऊस. वळीव सुरू होण्याआधी राख उपसून, शेकोटी पूर्ण थंड असताना वर पत्रा टाकावा आणि त्यावर विटांचे वजन ठेवावे. झाकण म्हणून जस्ताचा पत्राही चालतो, कारण त्याला आच लागत नाही. पत्रा भिंतीच्या कडेबाहेर वीतभर यावा आणि एका बाजूला उताराचा असावा. कोकणच्या पावसात झाकण असूनही बाहेरच्या दरजा धुपतात. तेथे वरचे दोन थर मे महिन्यातच उतरवून विटा पडवीत रचाव्यात आणि दिवाळीनंतर जमीन वाळली की ताज्या चिखलात पुन्हा बसवाव्यात. देशावर दर वर्षी नुसती डागडुजी पुरते: सुटलेल्या विटा काढणे, भाजून भुसभुशीत झालेला आतला चिखल खरवडणे आणि नव्याने लिंपणे.